इंधन-नलिका, ड्रॅग शर्यतीच्या मोटारीतील

टाकीतील इंधन पंपाद्वारे एंजिनापर्यंत वाहून नेणारी नळी. स्थिर अवस्थेतून निघून सरळ मार्गावर पाव मैल (सु. ४०२ मी.) अंतर कमीत कमी वेळात तोडण्याच्या शर्यतीस ड्रॅग शर्यत म्हणतात. महाराष्ट्रात २०१० नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही अशी शर्यत भरविली गेली. शर्यतीपूर्वी मोटारीची तांत्रिक तपासणी करतात. तीत इंधन-नलिकेच्या मार्गास विशेष महत्त्व असते. कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून ती गाडीच्या तळाशी साचते व लहानशा ठिणगीनेही पेटते. पट्ट्यांनी जखडलेल्या चालकास बाहेर पडण्यास काही सेकंदच मिळतात.

सर्वांत धोक्याची जागा प्रचक्र व क्लच यांच्या भोवतालची होय. फिरत्या चकतीतील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फेरे दुप्पट झाल्यास ताण चौपट होतो. चकती फुटल्यास तिचे तुकडे नलिका कापतात आणि त्याच क्षणी तप्त निष्कास नळ्यांवर इंधन सांडते. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या संस्थेच्या नियमांनुसार या भागातील नलिका किमान ३.२ मिमी. जाडीच्या व सु. ४० सेंमी. लांबीच्या पोलादी नळीत बंदिस्त करावी लागते. पोलादी जाळीने वेढलेल्या नळीस यातून सूट आहे. मूळ नलिका बदलल्यास नवी नलिका धातूची, पोलादी जाळीची अथवा संस्थेने मान्य केलेल्या विणीची असावी लागते. साध्या रबरी नळीचा वापर केवळ जोडणीपुरता असून तिची एकूण लांबी ३०.५ सेंमी. पेक्षा अधिक चालत नाही. चालकदंडाच्या बोगद्यातून नलिका नेण्यास मनाई आहे, कारण दंड तुटल्यास तो नलिकेवर आपटतो.

नलिका निष्कास नळ्यांपासून दूर नेतात. अन्यथा उष्णतेने आत वाफेचे बुडबुडे होऊन इंधनपुरवठा खंडित होतो. पत्र्याच्या छिद्रातून जाताना रबरी कडे बसवितात व ठराविक अंतरावर पकडी लावतात. कंपनाने घासून पातळ झालेली नलिका वरवर निर्दोष दिसते. एंजिन बंद पडले तरी विद्युत् पंप चालू राहू शकतो, म्हणून मुख्य स्विचने पंपही थांबावा, अशी व्यवस्था करतात. शेवटी गाडी उभी असताना पंप चालवून प्रत्येक सांधा तपासतात.

हीच तत्त्वे नित्याच्या वाहनांसही लागू पडतात. अकोले तालुक्यातील राजूर–भंडारदरा परिसरातील चढउताराच्या रस्त्यांवर शर्यतीचा वेग नसला, तरी उडणारे दगड, कंपन व चढावरील उष्णता नलिकेस क्षीण करतात. वाहनांच्या चाचण्या घेणारी वाहन संशोधन व विकास संस्था याच जिल्ह्यात, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे. मात्र चाचणीत उत्तीर्ण झालेल्या वाहनाची नलिका पुढे दुरुस्तीच्या वेळी निष्काळजीपणे वळविल्यास मूळची सुरक्षितता उरत नाही.