माशांना भूल देताना रक्ताचे आरोग्य सांभाळा

पावसाळा सुरू झाला की मत्स्यबीज केंद्रांवर रोहू, कटला व मृगळ या माशांच्या प्रेरित प्रजननाची धांदल सुरू होते. इंजेक्शन देताना तीन-चार किलोचा प्रजनक मासा धडपडतो. त्याचे खवले निघतात व जखमा होतात. भूल दिल्यास हे टळते. परंतु मात्रा चुकली तर मादी दगावते आणि तिच्यापासून मिळणारी लाखो अंडीही हातची जातात.

रक्तावर होणारे परिणाम

भुलीचे औषध पाण्यातून कल्ल्यांवाटे रक्तात व तेथून मेंदूत पोहोचते. भूल जसजशी चढते तसतशी कल्ल्यांची हालचाल मंदावते. त्यामुळे रक्तास प्राणवायू कमी मिळतो, कर्बवायू साठतो व रक्त आम्लधर्मी होते. अशा वेळी प्लीहा साठविलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते व पेशी फुगतात. तपासणीत तांबड्या पेशींचे प्रमाण वाढलेले दिसते, साखरही वाढते. ही सुदृढतेची नव्हे, तर ताणाची खूण आहे. भूल न देता मासा झुंजत राहिला तरी असाच ताण येतो. भूल योग्य व अल्पकाळ असल्यास हे बदल साधारणपणे एका दिवसात पूर्ववत होतात.

भूल कशी द्यावी?

१) आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे.

२) लवंग तेल पाण्यात सहज मिसळत नाही. म्हणून १ भाग तेल ९ भाग इथाइल अल्कोहोलमध्ये मिसळावे. तळ्यातील ५० लिटर पाण्यात हे द्रावण २० मि.लि. टाकून चांगले ढवळावे. यात लिटरला सुमारे ४० मि.ग्रॅ. तेल पडते. टबात हवा सोडत राहावे.

३) पाण्याचे तापमान व माशाचे वजन यांनुसार मात्रा बदलते. म्हणून प्रथम एक-दोन साध्या माशांवर चाचणी घ्यावी.

४) मासा सुमारे तीन मिनिटांत कलंडावा, मात्र कल्ल्यांची झाकणे हळूहळू हलत असावीत. ती थांबल्यास मासा त्वरित ताज्या पाण्यात सोडून तोंडावाटे कल्ल्यांवरून पाणी खेळवावे.

५) काम एक-दोन मिनिटांत आटोपावे. स्वच्छ पाण्यात मासा साधारण पाच मिनिटांत शुद्धीवर यावा.

एमएस-२२२ हे औषध वापरल्यास पाणी आम्लधर्मी होते. ते टाळण्यासाठी औषधाच्या वजनाइतका किंवा दुप्पट खाण्याचा सोडा पाण्यात मिसळावा.

विशेष दक्षता

रोगनिदानासाठी रक्त काढावयाचे असल्यास सर्व माशांना एकच मात्रा, एकाच वेळेपुरती द्यावी व तशी नोंद नमुन्यासोबत पाठवावी. अन्यथा भुलीचा परिणाम रोगाचा समजला जाईल. भूल दिलेला मासा लगेच विक्रीस काढू नये. अमेरिकेत एमएस-२२२ वापरल्यानंतर मासा खाण्यास २१ दिवस मनाई आहे. औषधाची निवड मत्स्य तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावी.