एक डोळा घारा, एक काळा

डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकाचे दोन डोळे दोन रंगांचे होते, असं त्याचे चाहते छातीठोकपणे सांगतात. तसं नव्हतं. १९६२ मध्ये एका मुलीवरून भांडण झालं, शाळासोबती जॉर्ज अंडरवुडने ठोसा हाणला आणि बोवीच्या डाव्या डोळ्याची बाहुली कायमची विस्फारली. डोळे दोन्ही निळेच. बाहुली मोठी म्हणून एक काळपट दिसे. (मैत्री मात्र टिकली. पुढे अंडरवुडने बोवीच्या अल्बमसाठी चित्रंही काढली.)

अस्सल दुरंगी डोळे अमेरिकी बेसबॉलपटू मॅक्स शेर्झरचे: उजवा निळा, डावा तपकिरी. डॉक्टर याला हेटरोक्रोमिया म्हणतात. गंमत अशी, की निळ्या डोळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच. बुबुळात मेलॅनिन भरपूर असेल तर डोळा काळा-तपकिरी, कमी असेल तर घारा, आणि अगदीच तुटपुंजं असेल तर विखुरलेल्या प्रकाशामुळे निळा दिसतो.

जन्मापासूनचा असा फरक बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण मोठेपणी एकाच डोळ्याचा रंग पालटू लागला, तर कारण शोधायलाच हवं. छिन्नी-हातोड्याचं काम करताना उडालेली लोखंडाची कपची डोळ्यात रुतून राहिली, तर लोह हळूहळू आत पसरतं, बुबुळावर गंजाची छटा चढते आणि दृष्टिपटल निकामी होत जातं.

व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेला दाह याहून लबाड. डोळा लाल होत नाही, फारसा दुखत नाही. फक्त बुबुळ फिकं पडत जातं. रुग्ण येतो तो बहुधा मोतीबिंदूने धूसर दिसू लागल्यावर. आपल्याकडच्या गडद डोळ्यांत तर हा फिकेपणा चटकन लक्षातही येत नाही, त्यामुळे निदान हुकण्याचा धोका वाढतो.

कधी रंग औषधानेही बदलतो. काचबिंदूवरचे लॅटानोप्रॉस्टचे थेंब बुबुळातलं मेलॅनिन वाढवतात. एकाच डोळ्यात घातले तर तोच गडद होतो, आणि तो रंग सहसा परत फिरत नाही. हिरवट-तपकिरी, घाऱ्या डोळ्यांत हे जास्त दिसतं. पापण्यांचे केसही लांब होतात, ही तक्रार मात्र क्वचितच कुणी करत असेल.

रंगाचा संबंध कानाशीही आहे. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. पांढऱ्या मांजराचा एक डोळा निळा असेल आणि ते एका कानाने बहिरं असेल, तर तो कान बहुधा निळ्या डोळ्याच्या बाजूचा असतो. माणसांत डच नेत्रतज्ज्ञ वार्डेनबर्ग यांनी १९५१ मध्ये एक आनुवंशिक विकार मांडला: दुरंगी किंवा लख्ख निळे डोळे, कपाळावर पांढरी बट आणि कधी जन्मजात बहिरेपण. म्हणून तान्ह्या बाळाचा एक डोळा निळा दिसला, की डॉक्टर आधी त्याची श्रवणचाचणी करून घ्यायला सांगतात.