शेतातली मोटर जळते, रोबोचीही जळते; दोन्हीकडं कारण एकच

शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठावरच्या कुठल्याही गावात जा, "मोटर जळली" हे दोन शब्द ऐकले की पुढचं सगळं समजतं. मोटर वर काढायची, रिवाइंडिंगला न्यायची आणि तोवर पीक तहानलेलं ठेवायचं.

याच गावांतली पोरं आता इंजिनीअरिंगला जातात, रोबो बनवतात आणि स्पर्धेत उतरतात. तिथंही नेमकं हेच होतं. महिनोन्महिने राबून केलेला रोबो मैदानात उतरतो, जरा धावतो, जळका वास येतो आणि खेळ संपतो.

पुण्याला या स्पर्धांची चांगली ओळख आहे. आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यापीठांची एबीयू रोबोकॉन ही स्पर्धा 2014 मध्ये बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाली होती. ती व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठानं जिंकली. रोबोकॉनचा सामना जेमतेम 3 मिनिटांचा. तेवढ्यात मोटर बसली, तर दुरुस्तीला वेळच मिळत नाही.

पण मोटर नेमकी जळते कशानं?

फिरणारी मोटर स्वतःला वाचवते

मोटर म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि चुंबक. मोटर फिरायला लागली की ती एखाद्या छोट्या जनरेटरसारखी वागते आणि आत येणाऱ्या विजेला उलटा दाब देते. त्यामुळं करंट आटोक्यात राहतो.

आता चाक अडकलं, गिअर जाम झाला किंवा वजन झेपेना म्हणून मोटर थांबली, तर हा उलटा दाब शून्य होतो. मग करंटला अडवायला उरतो फक्त तारेचा किरकोळ रोध.

आकडे बघा. अमेरिकेतल्या फर्स्ट या शालेय रोबो स्पर्धेत सीआयएम नावाची मोटर वर्षानुवर्षं वापरली गेली. ती 12 व्होल्टवर चालते. रिकामी फिरताना ती जेमतेम 2.7 ॲम्पियर घेते. तीच जाम झाली की 130 ॲम्पियरच्या वर जाते.

उष्णता तर करंटच्या वर्गानं वाढते. म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. या मोटरचा रोध साधारण 0.09 ओहम धरा. 30 ॲम्पियरवर आत सुमारे 80 वॉट उष्णता तयार होते. जाम झाल्यावर हाच आकडा जवळपास 1,600 वॉटवर जातो. अंघोळीचं पाणी तापवणारा रॉड मुठीएवढ्या डब्यात कोंडल्यासारखंच हे आहे.

आधी वार्निश जातं

तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तो एका वेढ्याला दुसऱ्यापासून वेगळं ठेवतो. ढोबळ नियम असा की तापमान दर 10 अंशांनी वाढलं की या थराचं आयुष्य निम्मं होतं. थर गेला की वेढे एकमेकांना चिकटतात आणि मोटर संपते.

विद्यार्थ्यांची आवडती 775 मोटर इथं जास्त फसवते. तिला थंड करणारा पंखा आतल्या दांड्यावरच असतो. मोटर थांबली की पंखाही थांबतो, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच हवा बंद.

शेतातही तेच

पंपाची मोटर वेगळ्या जातीची, थ्री फेज. सुरू होताना ती नेहमीच्या 5 ते 7 पट करंट घेते, पण काही क्षणच. एक फेज गेला असेल तर मात्र ती नुसती हुमते, फिरत नाही आणि तेवढा करंट ओढतच राहते. चालू असताना फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजवर सगळा भार येतो.

कमी व्होल्टेज हे दुसरं दुखणं. या मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते. 415 ऐवजी 330 व्होल्ट मिळाले, तर ताकद 63 टक्क्यांवर येते. तेवढंच पाणी उचलायला मोटर जास्त करंट घेते आणि तापते. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच काढायला आणि कपॅसिटर बसवायला सांगतं. वीज येताच डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या, तर व्होल्टेज कोसळतं आणि डीपीही जळू शकते.

मग वाचवायचं कसं?

रोबो बनवत असाल तर:

• मोटर थांबेल इतकं ओझं नको. जाम होताना लागतं त्याच्या पाव जोरात काम होईल असा गिअर निवडा.

• प्रत्येक मोटरला योग्य फ्यूज लावा. करंट वाढलाय आणि चाक फिरत नाही, असं दिसताच वीज तोडणारा कोड लिहा.

• पूर्ण वेगात असताना एकदम उलटं फिरवू नका. तेव्हा जाम होतानापेक्षाही जास्त, जवळपास दुप्पट करंट वाहू शकतो. आधी मोटर ड्रायव्हर जातो.

• सरावात मोटरला हात लावून बघा. चटका बसत असेल, तर सामन्याआधी गिअर बदला.

शेतकरी असाल तर स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या ॲम्पियरइतकाच ठेवा आणि फेज गेल्यावर मोटर बंद करणारं सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा. रिले सारखा पडतोय म्हणून स्टार्टरमध्ये काडी अडकवू नका. त्यानं त्या दिवशीचं पाणी मिळेल, पण मोटर जाईल.

जळाल्यावर आपण मोटरच्या कंपनीला दोष देतो. ती खराब निघूही शकते. पण नवी मोटर बसवण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: जुनी कशानं थांबत होती? ते कारण तसंच राहिलं, तर नवीही जळणार.