तांदूळ आपल्याला, पेंढा म्हशीला. साखर मात्र एकच!

शिरवणे आज नवी मुंबईच्या इमारतींनी वेढलेलं आहे. 1970 मध्ये सिडको स्थापन होण्याआधी या पट्ट्यात भातशेती होती. भात झोडला की तांदूळ घरात आणि पेंढा गोठ्यात जायचा. तांदळातला स्टार्च आणि पेंढ्यातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेपासून बनतात. मग माणसाला पेंढा का पचत नाही?

कारण ग्लुकोजचे मणी जोडण्याची पद्धत वेगळी आहे. स्टार्चमध्ये ते अल्फा बंधाने जोडलेले असतात. हा बंध लाळेतलं अमायलेज तोडू शकतं. सेल्युलोजमध्ये बीटा बंध असतो. तो तोडणारं विकर आपल्याकडे नाही. म्हशीच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे ते असतं.

महारेणू म्हणजे काय?

सजीवांमधल्या अशा मोठ्या रेणूंना महारेणू म्हणतात. त्यांचे चार गट आहेत:

- कर्बोदके: मणी साध्या साखरेचे. काम ऊर्जा आणि आधार.
- प्रथिने: मणी 20 प्रकारच्या अमिनो आम्लांचे. विकरं, स्नायू, हिमोग्लोबिन ही सगळी प्रथिनंच.
- न्यूक्लिक आम्ले: मणी न्यूक्लिओटाइडचे. डीएनए आणि आरएनए यात येतात.
- मेद: इथे विद्यार्थी हमखास चुकतात. मेद या यादीत असले तरी ते मण्यांची माळ नाहीत. तेल-तुपात एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली असतात.

माळेत नवा मणी जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. पचनात उलट घडतं: पाणी वापरून माळ तुटते.

एक मणी बदलला तर?

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की सिकलसेलचं हिमोग्लोबिन तयार होतं. ऑक्सिजन कमी झाला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. पालघर, नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या आदिवासी समाजात हा आजार आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे रक्ततपासणीशिवाय ते कळत नाही. म्हणूनच लग्नाआधी तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो.

परीक्षेसाठी चार नावं पाठ करावीच लागतात. पण मणी कोणते, कोणत्या क्रमाने आणि कशा बंधाने जोडलेत, हे समजलं की पाठांतराचं ओझं बरंच हलकं होतं.