जिवंत साखळी आणि आवरलेली साखळी

वांद्र्याच्या या सभागृहात मी याआधी दोनदा बोललोय. दोन्ही वेळा न्यायदर्शनावर. आज विषयपत्रिकेवर 'नियंत्रित पॉलिमरीकरण' असं छापलेलं पाहून दारातच एकाने विचारलं, "सर, हॉल चुकला का?" नाही चुकला. रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण एका शब्दामुळे मी या विषयात ओढला गेलो. हे रसायनवाले प्लॅस्टिकच्या रेणूला चक्क 'जिवंत' म्हणतात. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने असा शब्द ऐकला की त्याला रात्री झोप लागत नाही.

आधी पॉलिमर म्हणजे काय ते पाहू. स्टेशनाबाहेर गजरेवाल्या बसतात, त्या डोळ्यांपुढे आणा. मोगऱ्याची एकेक कळी म्हणजे छोटा रेणू, आणि गुंफलेला गजरा म्हणजे पॉलिमर. थर्माकोलमधल्या पॉलिस्टायरीनच्या एका साखळीत अशा हजार हजार कळ्या असतात.

आता नेहमीच्या कारखान्यात काय होतं? एक बाई सकाळी आठला बसते, दुसरी दुपारी. एकीचा गजरा वीतभर झाला की गाठ बसते, दुसरीचा चार हात लांब होतो. कधी दोघींची टोकंच एकमेकींत अडकतात आणि दोन्ही गजरे तिथेच संपतात. या टोकं जुळून संपण्याला रसायनशास्त्रात 'समापन' म्हणतात, सोप्या भाषेत साखळीचा मृत्यू. असा माल वाईट नसतो बरं का, बादल्या आणि पिशव्या त्याच्याच होतात. पण त्यात प्रत्येक साखळीची लांबी वेगळी. हातात येते ती फक्त सरासरी.

मग कुणीतरी विचारणारच: सगळ्यांनी एकाच क्षणी सुरुवात केली, सगळ्यांना सारख्या कळ्या मिळाल्या आणि कुणी गाठच मारली नाही तर? पॉल फ्लोरी यांनी १९४० साली हे गणित कागदावर मांडलं होतं. अशा परिस्थितीत सगळ्या साखळ्या जवळजवळ सारख्या लांबीच्या निघतील, असं त्यांचं उत्तर होतं. फ्लास्कमध्ये ते दिसायला १९५६ साल उजाडलं.

दाखवणारे मायकेल श्वार्त्स. जन्म पोलंडमधला, १९०९ चा. जेरुसलेममध्ये शिकले, मग मँचेस्टरला गेले, आणि पुढे अमेरिकेत सिरॅक्यूजला स्थिरावले. मँचेस्टरला त्यांचे गुरू होते मायकेल पोलानी. तत्त्वज्ञानवाल्यांचे कान इथे टवकारतात. हे तेच पोलानी, ज्यांनी रसायनशास्त्र सोडून तत्त्वज्ञान लिहिलं, ज्यांचं 'पर्सनल नॉलेज' १९५८ साली आलं. माणसाला जे येतं ते सगळं त्याला शब्दांत सांगता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. आमच्या घरी बेसनाच्या नव्हे, रव्याच्या लाडवांचा पाक होतो तेव्हा मी दरवेळी विचारतो, एकतारी झाला हे कळतं कसं? उत्तर मिळतं, "बोटांना कळतं." पोलानींचं अर्धं पुस्तक त्या उत्तरात आहे.

तर श्वार्त्स, आणि त्यांच्याबरोबर लेव्ही आणि मिल्कोविच. त्यांनी सोडियम आणि नॅप्थलीनपासून केलेलं गर्द हिरवं द्रावण घेतलं. त्यात स्टायरीन टाकलं, आणि द्रावण लालभडक झालं. सगळं स्टायरीन साखळ्यांत गुंफून संपलं, तरी लाल रंग गेला नाही. पुन्हा स्टायरीन टाकलं. द्रावण आणखी दाट झालं, रंग तसाच! म्हणजे साखळ्यांची टोकं मेली नव्हती, नुसती वाट पाहत बसली होती. टोकांवर ऋण विद्युतभार असतो, आणि ऋण ऋणाला दूर ढकलतो. म्हणून दोन टोकं एकमेकांत अडकत नाहीत. श्वार्त्स यांनी त्यांना 'जिवंत पॉलिमर' म्हटलं. मोगरा संपल्यावर त्याच दोऱ्यात शेवंती गुंफावी, तसं स्टायरीननंतर दुसरं काही जोडता येतं. मिल्कोविच पुढे शेल कंपनीत गेले आणि तिथून याच युक्तीचं रबर बाजारात आलं. बुटांच्या तळव्यांत ते असतं, रस्त्याच्या डांबरातही मिसळतात.

पण हे जिवंतपण किती नाजूक आहे त्याचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. एका टोकाने वाढणाऱ्या, हजारेक कळ्यांच्या साखळ्या असलेलं १०० ग्रॅम पॉलिस्टायरीन घ्या. त्यातली सगळी टोकं मारायला किती पाणी लागेल? १८ मिलिग्रॅम. अर्धा थेंबसुद्धा नाही. आपल्याकडे जुलैत भिंतींना पाणी सुटतं, मीठ डब्यात गोळा होतं, हे लक्षात घ्या म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

ही गोष्ट पुण्याची आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, जिचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला नेहरूंच्या हस्ते झालं. पॉलिमर म्हटलं की आपल्याला तिथले डॉ. माशेलकर आठवतात. पण त्यांचा प्रांत पॉलिमरचं अभियांत्रिकीशास्त्र. साखळी मुळात घडवायची कशी, हा प्रश्न घेऊन तिथे १९८८ साली आले डॉ. स्वामिनाथन शिवराम.

त्यांची वाटचाल मला विचार करायला लावते. मद्रास ख्रिश्चन कॉलेज, कानपूरची आयआयटी, मग अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन यांच्याकडे पीएच.डी. ब्राउनना १९७९ साली नोबेल मिळालं. त्यानंतर ॲक्रनला जोसेफ केनेडींकडे काम. असा माणूस परत येऊन विद्यापीठात जाईल असं आपल्याला वाटतं. ते गेले बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्समध्ये, सरकारी कारखान्याच्या संशोधन विभागात, आणि दीड दशकाच्या आसपास तिथे राहिले. पॉलिथीन-पॉलिप्रॉपिलीन ज्यांच्यावर बनतं त्या झीग्लर उत्प्रेरकांवर त्यांनी १९७७ साली तिथूनच आढावालेख लिहिला. आमच्या पिढीत कारखान्यात गेलेल्याला 'वाया गेला' म्हणायची पद्धत होती. मीही म्हटलेलं आहे, कबूल करतो. पण टनांनी माल काढताना हाताला जे कळतं, ते घेऊनच हा माणूस चाळिशीत मिलिग्रॅमच्या कामाकडे वळला.

पुण्यात त्यांच्या गटाने जे अवघड प्रकरण हाती घेतलं त्यात मेथिल मेथॅक्रिलेट होतं. दुकानांच्या चकचकीत ॲक्रिलिक पाट्या, दातांच्या कवळ्या, हे सगळं त्याचंच. स्टायरीनची साखळी शहाणी असते. मेथॅक्रिलेटचं जिवंत टोक मात्र वळून स्वतःच्याच साखळीला चावतं आणि संपतं. शिवाय ही टोकं दोनदोन मिळून घोळक्याने बसतात. घोळक्यातलं टोक हळू काम करतं, सुटं भराभर. मग लांबी सारखी यायची कशी? उणे ७८ अंशांपर्यंत, कोरड्या बर्फाच्या थंडीत काम केलं तर जमतं, पण तेही पूर्ण नाही. बेल्जियममधल्या तेसिए यांच्या गटाने १९८७ साली दाखवलं की लिथियम क्लोराइड हे साधं मीठ घातलं की घोळके सुटतात. पुण्यात शिवराम आणि बास्करन यांनी दुसरं मीठ घेतलं, लिथियम परक्लोरेट. त्याने मेथॅक्रिलेटची साखळी कशी काबूत राहते हे त्यांनी १९९७ साली 'मॅक्रोमॉलिक्यूल्स'मध्ये छापलं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? मीठ बदललं? हो, एवढंच. पण ते करायला आधी ओलावा आणि हवा दोन्ही बाहेर ठेवता आली पाहिजेत, आणि तीही रोज, दर विद्यार्थ्याच्या हातून. प्रयोगाची कृती लेखात छापता येते. कुठलं द्रावण अजून पुरेसं कोरडं नाही हे ओळखणारी नजर छापता येत नाही, ती शेजारी उभं राहूनच येते. श्वार्त्स पोलानींकडे शिकले होते, हे मी उगाच नाही सांगितलं.

आता माझ्या शब्दाकडे येतो. मी सुरुवातीला 'जिवंत' आणि 'नियंत्रित' हे एकच समजत होतो. ते एक नाहीत. आपल्या नैयायिकांनी लक्षणाचे दोष सांगितले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती, असंभव. 'जिवंत' म्हणजे जिथे साखळीचा मृत्यूच नाही. समजा मृत्यू नाही, पण साखळ्या मागेपुढे सुरू झाल्या. म्हणजे गजरेवाल्या अमर आहेत, पण काहीजणी उशिरा आल्या. साखळ्या जिवंत आणि लांबी वेडीवाकडी! तेव्हा 'जे जिवंत ते नियंत्रित' म्हटलं की अतिव्याप्ती होते.

उलट बाजूही बघा. १९९५ साली मात्याशेव्स्की आणि वँग यांनी तांब्याच्या साहाय्याने एक पद्धत काढली. त्याच वर्षी जपानमध्ये सावामोतोंच्या गटाने तशीच पद्धत स्वतंत्रपणे दिली. तिच्यात टोकांना बहुतेक वेळ झोपवून ठेवतात. टोक क्षणभर जागं होतं, दोनचार कळ्या घेतं, पुन्हा झोपतं. एका वेळी जागी टोकं इतकी थोडी की एकमेकांत अडकण्याचे प्रसंग विरळ. विरळ, पण शून्य नाहीत. मृत्यू आहे, तरी लांबी आवरलेली आहे. याला 'जिवंत' म्हणावं का, यावर रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले. शेवटी त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये 'जिवंत' बाजूला ठेवून 'परत उलटवता येणारं निष्क्रियीकरण' अशा अर्थाचं लांबलचक नाव सुचवलं. बोलताना जीभ अडखळते, पण लक्षण म्हणून निर्दोष आहे. गंगेश उपाध्यायांना आवडलं असतं.

शिवराम पुढे २००२ ते २०१० त्या प्रयोगशाळेचे संचालक होते, २००६ साली पद्मश्री मिळाली. त्यानंतर पुण्याच्याच आयसरमध्ये ते शिकवू-लिहू लागले. २०१७ साली त्यांनी 'रेझोनन्स' या विद्यार्थ्यांच्या मासिकात पॉल फ्लोरींवर लेख लिहिला. तेच फ्लोरी, ज्यांनी १९४० साली कागदावर सारख्या लांबीच्या साखळ्या पाहिल्या होत्या. ज्यांना रसायनाची भीती वाटते त्यांनी तो लेख जरूर मिळवून वाचावा. मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा समजला. आता प्रश्न घेऊ या. त्या मागच्या रांगेतल्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे.