भेंडी बाजारचं गाणं

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलेली आपल्याकडची मंडळी रमजानमध्ये संध्याकाळी हमखास मोहम्मद अली रोड गाठतात. रोजा असो वा नसो, मिनारा मशिदीजवळ मालपुवा आणि फिरनीसाठी सगळ्यांचीच गर्दी. तिथून जे. जे. रुग्णालयाच्या दिशेने चालत गेलं, की भेंडी बाजार लागतो.

या नावाच्या दोन कहाण्या सांगतात. एक म्हणते, इथे भेंडीची झाडं होती. दुसरी म्हणते, क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा म्हणून गोरे साहेब ‘बिहाइंड द बझार’ म्हणत, त्याचं भेंडी बाजार झालं.

बंदराच्या शहरात पोटासाठी माणसं येत, तसे गवईही आले. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात मुरादाबादकडचे तीन भाऊ, छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ, इथे राहिले. त्यांच्या गायकीला नाव मिळालं ते या बाजाराचं. लांब दमसास आणि सरगम ही तिची ओळख.

गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या. त्यांच्याकडून पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांना तालीम मिळाली. छज्जू खाँसाहेबांचे पुत्र अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर शिकल्या. अमान अलींनी कर्नाटक संगीतातूनही घेतलं. हंसध्वनीतल्या त्यांच्या बंदिशी आजही गायल्या जातात. घरात मराठी, बाजारात कानडी आणि दखनी बोलणाऱ्या अक्कलकोटकरांना ही देवाणघेवाण वेगळी सांगायला नको.

आता तिथल्या जुन्या चाळी पाडून टोलेजंग इमारती उभ्या राहत आहेत. साडेसोळा एकरांत सुमारे २५० इमारतींच्या जागी नवी वस्ती होते आहे. जुनं जातं म्हणून हळहळ वाटते. पण ३१ ऑगस्ट २०१७ रोजी इथलीच हुसैनी इमारत कोसळून ३०हून अधिक माणसं गेली, हे आठवलं की ‘चाळी तशाच ठेवा’ म्हणायला जीभ रेटत नाही. माणसांना पक्कं छप्पर हवंच. आठवण मात्र आपणच जपायची, ती कुठल्या नकाशात नसते.

यंदा गेलात तर फिरनी जरूर खा. मग मोबाइलवर या घराण्याचा हंसध्वनी लावा आणि भेंडी बाजारातून चार पावलं चाला. रमजान मुबारक!