घरकुलाचे अनुदान आणि मजुराचे वेतन : गैरसमज व वस्तुस्थिती

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव असल्याने तेथील गरजू कुटुंबांना २०१५ साली सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना शहरी स्वरूपात लागू होते, तर आसपासच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतील घरकुले ग्रामीण योजनेत मोडतात. शहरी योजनेत मुख्यतः दोन प्रकारे बांधकाम होते: एकात लाभार्थी स्वतःच्या जागेवर वैयक्तिक घरकुल बांधतो व त्याला केंद्राचे १.५ लाख आणि राज्याचे १ लाख रुपये अनुदान मिळते, तर दुसऱ्यात नगरपरिषद, म्हाडा किंवा खासगी भागीदार निविदा काढून सामूहिक प्रकल्प उभारतो. हा पैसा लाभार्थ्यापर्यंत पोहोचला की नाही याची विचारणा सर्वत्र होते. परंतु त्यातून गवंड्याला आणि बिगाऱ्याला कायद्याने ठरलेले वेतन मिळाले की नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि त्याला कारण असलेले काही समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज १ : योजना गरिबांसाठी आहे आणि निधी मर्यादित आहे, म्हणून मजुरीही कमी असणे स्वाभाविक आहे.

वस्तुस्थिती : किमान वेतन, म्हणजे ज्याच्या खाली कोणत्याही कारणाने जाता येत नाही असा शासनाने अधिसूचित केलेला दर, कामाच्या अंदाजपत्रकावर अवलंबून नसतो. दिल्लीतील १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामांवर मजुराच्या ९.२५ रुपये रोजातून जमादार एक रुपया कापून घेत असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी होय, असा निर्वाळा न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने दिला. पुढच्याच वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांबाबतही, काम मदतीच्या हेतूने काढलेले असले तरी कमी वेतन देता येत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. मजूर कमी दराला स्वतःहून राजी असला तरी तसा करार कायद्याने टिकत नाही.

गैरसमज २ : ठेकेदाराचे बिल अदा झाले की काम देणाऱ्या संस्थेची जबाबदारी संपते.

वस्तुस्थिती : वरील १९८२ च्या खटल्यात शासकीय यंत्रणांनी मजूर ठेकेदारांचे असल्याचे सांगून हात झटकण्याचा प्रयत्न केला होता, परंतु मूळ नियोक्ता, म्हणजे ज्याच्यासाठी ठेकेदार काम करतो ती संस्था, कामगार कायद्यांच्या पालनाची जबाबदारी टाळू शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ मध्येही नियोक्त्याने वेतन चुकते केले नाही तर ते देण्याची जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर टाकली आहे. वैयक्तिक घरकुलात मात्र चित्र वेगळे असते: तेथे लाभार्थी स्वतःच तुटपुंज्या उत्पन्नाचा असतो आणि मजूर लावणारा मिस्त्री किंवा छोटा ठेकेदार हाच व्यवहारात नियोक्ता ठरतो, त्यामुळे देखरेखीची सर्वाधिक गरज याच प्रकारात असूनही ती येथेच सर्वांत विरळ असते.

गैरसमज ३ : उक्ते काम दिले की किमान वेतनाचा प्रश्नच उरत नाही.

वस्तुस्थिती : उक्ते काम म्हणजे रोजाऐवजी ठरावीक कामासाठी ठरवलेली एकरकमी मजुरी. अशा कामासाठी वेगळा किमान दर ठरलेला नसेल तर वेळेनुसार ठरलेल्या किमान वेतनाइतकी रक्कम मजुराच्या हाती पडलीच पाहिजे, असे संहिता सांगते. उदाहरणादाखल, भिंतीचे काम ६,००० रुपयांना उक्ते दिले आणि चार जणांना त्यासाठी तीन दिवस लागले, तर हजेऱ्या बारा होतात आणि सरासरी रोज ५०० रुपये पडतो. ही सरासरी पुरेशी वाटली तरी गवंडी कुशल आणि बिगारी अकुशल गटात मोडत असल्याने प्रत्येकाला काय मिळाले हे त्या त्या गटाच्या दराशी स्वतंत्रपणे ताडून पाहावे लागते. महाराष्ट्रात मूळ दरात महागाईनुसार दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता मिळवावा लागतो, स्लॅबच्या दिवशी नियमित वेळेपेक्षा जास्त काम झाल्यास जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो, आणि त्याच कामासाठी स्त्रीला पुरुषापेक्षा कमी मजुरी देता येत नाही.

गैरसमज ४ : रोजगार हमीचा दर हाच बांधकामाचा सरकारी दर आहे.

वस्तुस्थिती : ग्रामीण घरकुलात सपाट प्रदेशासाठीच्या १.२० लाख रुपयांशिवाय सुमारे ९० दिवसांची अकुशल मजुरी रोजगार हमीतून मिळत आली, आणि त्यामुळे हा गोंधळ झाला. महाराष्ट्रात २०२५-२६ साठीचा ३१२ रुपये हा दर केवळ त्या योजनेचा होता. बांधकाम उद्योगाचे किमान वेतन स्वतंत्र अधिसूचनेने ठरते.

गैरसमज ५ : कल्याणकारी मंडळात नोंदणी झाली की मजुराचे हित सांभाळले गेले.

वस्तुस्थिती : बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून चालणारे महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगारांना शिक्षण, आरोग्य इत्यादींसाठी साहाय्य देते, परंतु थकलेली मजुरी देत नाही. स्वतःच्या राहत्या घराच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या बांधकामाला उपकरातून सूट आहे; ही सूट उपकराची आहे, वेतनाची नाही.

गैरसमज ६ : टप्प्याटप्प्याची छायाचित्रे नोंदवली जातात, म्हणजे देखरेख पुरेशी आहे.

वस्तुस्थिती : पाया, लिंटेल, छत अशा टप्प्यांवर स्थाननिश्चितीसह घेतलेल्या छायाचित्रांतून बांधकामाची प्रगती कळते, मजुरी दिली की बुडवली, हे त्यांतून कळत नाही. अमेरिकेत १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यानुसार संघराज्याच्या निधीतील बांधकामांवर त्या भागातील प्रचलित मजुरी द्यावी लागते, आणि ठेकेदाराला प्रमाणित वेतनपट दर आठवड्याला सादर करावे लागतात. आपल्याकडेही हजेरीपट आणि वेतन नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. उणीव आहे ती या नोंदी अनुदानाच्या हप्त्याशी जोडण्याची.

गैरसमज ७ : कागद नसलेल्या मजुराला दाद मागता येत नाही.

वस्तुस्थिती : वेतन दिल्याचे सिद्ध करण्याचा भार संहितेने नियोक्त्यावर ठेवला आहे, दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली आहे, आणि मूळ रकमेव्यतिरिक्त तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, धरूनही एका वेतन कालावधीतील कपात निम्म्यापेक्षा अधिक करता येत नाही.

म्हणून नगरपरिषदेने सामूहिक प्रकल्पाच्या प्रत्येक बिलासोबत हजेरीपट व बँक जमेचा तपशील मागावा, वैयक्तिक घरकुलाच्या मंजुरीपत्रासोबत चालू किमान वेतनाचा तक्ता मराठीत द्यावा आणि सामाजिक लेखापरीक्षणात, म्हणजे लोकांसमोर होणाऱ्या तपासणीत, मजुरांनाही प्रश्न विचारावेत. प्रत्येक मजुरानेही आपली हजेरी रोजच्या रोज स्वतःच्या वहीत मांडावी आणि तीवर मुकादमाची सही घ्यावी. मजुराचे वेतन बुडवून उभे राहिलेले घर सार्वजनिक पैशाचा योग्य विनियोग ठरत नाही.